घरातला स्थितप्रज्ञ

भारतीय अध्यात्मवाङ्मयात साधकाच्या आंतरिक अवस्थांचे जितके सूक्ष्म वर्णन आढळते, तितके त्याच्या घरातील माणसांच्या अवस्थांचे आढळत नाही, ही या विषयातील एक जुनी उणीव मानावी लागेल. अन्नमयापासून आनंदमयापर्यंत पाच कोश मोजून ठेवलेले आहेत, मूलाधारापासून वरची चक्रे मोजलेली आहेत, भक्तीचे नऊ प्रकारही मोजलेले आहेत. परंतु घरातील एक माणूस ध्यानाला बसल्यापासून उठेपर्यंत उरलेल्या माणसांनी कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, धाकट्याचे रडणे आणि शेजारच्या घरातले ड्रिलमशीन कसे आवरावे, याची मोजदाद कोणत्याही ग्रंथाने केलेली नाही. वास्तविक साधनेचा परिणाम साधकावर दिसू लागण्याच्या कितीतरी आधी तो घरावर दिसू लागतो, आणि म्हणून आध्यात्मिक जाणीव व रोजचे भावनिक वर्तन यांचा संबंध तपासायचा असेल, तर देवघराइतकेच स्वयंपाकघरही अभ्यासक्षेत्रात घ्यावे लागते.

हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, ज्याची बुद्धी स्थिर झाली आहे त्या माणसाविषयी, म्हणजेच स्थितप्रज्ञाविषयी, अर्जुन विचारतो तेव्हा त्याला समाधीचे आतले सुख कसे असते यात रस नाही. असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा आणि चालतो कसा, एवढेच त्याला हवे आहे. मुलाची माहिती काढताना मुलीकडची जाणती मंडळी पदव्यांचे कागद बाजूला ठेवून नेमक्या याच गोष्टींची चौकशी करतात, यावरून अर्जुनाचा प्रश्न किती व्यवहारी होता हे ध्यानात येते. त्यावर श्रीकृष्णांनी १८ श्लोकांत जे उत्तर दिले, त्यात दुःखाने न खचणारा, सुखाला न हपापणारा, आसक्ती, भय व क्रोध ओसरलेला असा पुरुष वर्णिला आहे. आणि विषयाच्या चिंतनापासून आसक्ती, आसक्तीपासून कामना, कामनेपासून क्रोध आणि क्रोधापासून पुढे बुद्धिनाशापर्यंत माणूस पायरीपायरीने कसा घसरतो, याचीही साखळी दिली आहे. सामान्य घरात ही संपूर्ण साखळी चहात साखर कमी पडल्यापासून कप आपटला जाईपर्यंतच्या अवधीत पार पडते, आणि मधल्या पायऱ्या इतक्या झपाट्याने येतात की त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत.

या श्लोकांवरील एक नामांकित विवरण, विनोबांचे 'स्थितप्रज्ञ-दर्शन', १९४४ साली शिवनीच्या तुरुंगातील व्याख्यानांतून सिद्ध झाले, आणि त्याआधीची 'गीता-प्रवचने' १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली गेली. विनोबांच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि वक्ता ब्रह्मचारी, श्रोते सत्याग्रही आणि स्थळ कारागृह, अशी अनुकूल परिस्थिती संसारी साधकाला सहसा मिळत नाही, ही गोष्ट नोंदवून ठेवणे भाग आहे. तुरुंगात पाहुणे न कळवता मुक्कामाला येत नाहीत, आणि गॅस संपल्याचे कोणी ऐन पूजेच्या वेळी सांगत नाही.

येथे वापरलेल्या दोन संज्ञांचा अर्थ आधी स्पष्ट केला पाहिजे. आध्यात्मिक जाणीव म्हणजे स्वतःच्या मनात काय चालले आहे हे त्या मनात वाहून न जाता पाहण्याची आणि 'मी' व 'माझे' यांची पकड सैल करण्याची क्षमता, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. भावनिक वर्तन म्हणजे निव्वळ भावना नव्हे, तर त्या भावनेचे माणूस पुढे जे काही करतो ते; म्हणजे आवाजाची पट्टी, भुवयांची उंची, दार लावण्याची पद्धत आणि वाढताना पातेल्यात डाव किती जोराने आपटला जातो, हे सर्व. या दोहोंचे प्रमाण व्यस्त असते, म्हणजे जाणीव जितकी चढेल तितका राग उतरेल, असा एक सर्वमान्य समज आहे. प्रत्यक्ष निरीक्षण काहीसे निराळे सांगते. साधनेच्या पहिल्या काळात राग कमी होत नाही. तो अधिक प्रतिष्ठित कारणे शोधू लागतो. पूर्वी जो गृहस्थ भाजीत मीठ जास्त झाले म्हणून चिडत असे, तो आता अन्न शिजवताना मनात नामस्मरण नव्हते म्हणून चिडतो, आणि पहिल्या आरोपावर निदान भाजी चाखून पाहता येत असे, दुसऱ्यावर तीही सोय उरत नाही.

नित्यपाठ करणाऱ्या गृहस्थाचे वर्तन या दृष्टीने फार बोलके असते. पाठ चालू असताना मध्येच बोलू नये असा नियम आहे, आणि घरात काय चालले आहे तिकडे लक्ष देऊ नये असाही नियम आहे. त्यांपैकी पहिला कटाक्षाने पाळला जातो. परिणामी मराठी घरांतून हुंकाराची एक स्वतंत्र भाषा विकसित झाली असून तिच्यात 'हूं' या एकाच ध्वनीच्या ऱ्हस्व-दीर्घ उच्चारांतून दूध उतू जात आहे, दारात कोणी आले आहे, पंखा बंद करा, आणि हा पंखा कोणी बंद केला, इतके सर्व अर्थ निःसंदिग्धपणे व्यक्त करता येतात. विष्णुसहस्रनामातील एखादे नाम अकस्मात वरच्या पट्टीत उच्चारले जाते, तेव्हा त्या नामाचे माहात्म्य विशेष असते असे नव्हे, तर त्या क्षणी आतल्या खोलीत कोणीतरी टीव्ही लावलेला असतो. जपाची माळ ज्या कापडी पिशवीत झाकून धरतात तिला गोमुखी म्हणतात. माळ लोकांना दिसू नये हा तिचा हेतू असला, तरी पिशवीच्या आतली बोटे किती वेगाने चालली आहेत यावरून घरातली अनुभवी माणसे पुढच्या तासाभराच्या हवामानाचा अंदाज बांधू शकतात.

या वर्तनाला दांभिक म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. साधनेने जाणीव वाढते, हे अगदी खरे आहे. प्रश्न इतकाच आहे की वाढलेली जाणीव आधी कोणाकडे वळते. स्वतःचे दोष पाहण्यासाठी तीक्ष्ण केलेली नजर पहिल्यांदा वापरून पाहायला समोरच्या माणसाचे दोष अधिक सोयीचे पडतात, कारण ते जवळ असतात आणि स्पष्ट दिसतात. त्यामुळे ध्यानाला बसू लागल्यापासून काही महिन्यांत साधकाला भावाचा लोभ, मेहुण्याचा अहंकार आणि शेजाऱ्याची आसक्ती यांचे विलक्षण स्पष्ट दर्शन होऊ लागते, आणि ही आपली प्रगती आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत होते. साक्षीभाव, म्हणजे घडणाऱ्या गोष्टीत न गुंतता तिच्याकडे पाहण्याची वृत्ती, हा मूळचा स्वतःच्या मनाला लावायचा नियम; परंतु घरात दहा पाहुणे आलेले असताना ताटे घेणे, गाद्या घालणे व पिण्याचे पाणी भरणे यांकडेही काही साधक संपूर्ण साक्षीभावाने पाहताना आढळतात.

पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्त प्रसन्न राहावे म्हणून चार वृत्ती सांगितल्या आहेत: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि दुष्टाविषयी उपेक्षा. या चौघींपैकी शेवटची सर्वांत लोकप्रिय आहे. सुखी नातेवाइकाशी मैत्री ठेवायची तर त्याच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांती सहन करावी लागते, दुःखिताची करुणा करायची तर रुग्णालयात डबा न्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या पुण्याने आनंदित होणे तर माणसाला फारच जड जाते. उपेक्षेला मात्र काहीच करावे लागत नाही. म्हणून साधकांच्या नात्यागोत्यात दुष्टांची संख्या अल्पावधीत वाढलेली दिसते, आणि ज्यांच्याकडे जाणे-येणे मुळातच नकोसे होते त्या सर्वांना या चौथ्या वर्गात जागा मिळते.

मौन आणि अबोला यांमधील सीमारेषाही अशीच लवचीक आहे. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे १९७६ पासून चालतात, आणि त्यांत 'आर्य मौन' पाळावे लागते. म्हणजे बोलायचे तर नाहीच, पण खाणाखुणा किंवा नजरानजरही करायची नाही. पहाटे चारला घंटा होते, दिवसभर शरीरावरील संवेदना समतेने, म्हणजे हवीशी धरून न ठेवता व नकोशी न ढकलता, पाहायच्या असतात. या व्यवस्थेतील शहाणपणाची गोष्ट अशी की मौन शेवटच्या सकाळी एकदम न सोडता दहाव्या दिवशीच सोडले जाते, जेणेकरून साधकाला बाहेरच्या जगात जाण्याआधी एक दिवस माणसांत बोलण्याची सवय व्हावी; अर्थात शिबिराच्या रचनाकारांना धोका कोठे आहे हे नीट ठाऊक होते. तरीही कसाऱ्याहून सुटलेल्या लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी कोणी सरकेनासे झाले, की दहा दिवसांची समता कल्याण येईपर्यंत टिकवणे हे एक निराळेच अनुष्ठान ठरते. घरी आल्यावर मौनाची ओढ वाढते ती वेगळ्या कारणाने. आर्य मौन सर्वांशी सारखे असते, अबोला एकाच व्यक्तीशी असतो. ज्या साधकाचे मौन दूधवाल्याशी हसून खुणा करते आणि पत्नीने विचारलेल्या प्रश्नापाशीच गंभीर होते, त्याच्या मौनाचे वर्गीकरण करण्यास फार विद्वत्ता लागत नाही.

क्षमा या सद्गुणाचीही अशीच अवस्था आहे. क्षमा मनातल्या मनात केली असता ती कोणाला त्रास देत नाही, परंतु कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर 'सर्वांना अंतःकरणापासून क्षमा केली आहे' असे निवेदन प्रसिद्ध झाले, की क्षमा नेमकी कशाबद्दल, अशी विचारणा सर्व बाजूंनी सुरू होते, आणि विसरल्या गेलेल्या वाटण्या, लग्नातले मानपान व २० वर्षांपूर्वीचे उसने पैसे तारीखवार वर येतात. या चर्चेचा शेवट क्षमा मागे घेण्यात होतो.

आधुनिक मानसशास्त्रानेही या प्रदेशात पाहणी केलेली आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवूड यांनी १९८४ साली एक कल्पना मांडली. तिला मराठीत 'अध्यात्माची पळवाट' म्हणता येईल. मनातली जुनी दुखणी, अपुऱ्या राहिलेल्या गरजा आणि नात्यांतले गुंते यांना सामोरे जाण्याऐवजी साधना व तत्त्वज्ञान यांच्या आडोशाने त्यांना वळसा घालणे, असा तिचा आशय आहे. वेलवूड स्वतः बौद्ध साधक होते, त्यामुळे हे निदान बाहेरच्या निंदकाचे नसून घरच्या वैद्याचे आहे. पुढे २०१८ साली योखेन गेबाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी योगवर्गातील ९३ विद्यार्थ्यांना १५ आठवडे आणि ध्यान करणाऱ्या १६२ जणांना चार आठवडे प्रश्न विचारून पाहिले. योग व ध्यान यांनी अहंकार निवतो ही पारंपरिक अपेक्षा असताना, साधना झाल्यानंतरच्या उत्तरांत माणसे स्वतःला इतरांपेक्षा सरस समजण्याकडे अधिक झुकलेली आढळली, आणि त्याबरोबरच त्यांना बरेही वाटत होते. संशोधकांना जे १५ आठवड्यांत कळले, ते शनिवारी सकाळी योगवर्गाहून परतणाऱ्या माणसाच्या 'अजून झोपलाच आहात का?' या एका प्रश्नावरून घरातल्यांना फार पूर्वीच कळलेले असते.

याहून जुना आणि याहून गमतीचा प्रयोग १९७३ साली जॉन डार्ली व डॅनियल बॅटसन यांनी प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथील ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थेतील ४० विद्यार्थी त्यासाठी निवडले होते. त्यांतील काहींना बायबलातील भल्या शोमरोनी माणसाच्या, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्याच्या, कथेवर भाषण करायचे होते. उरलेल्यांना नोकरीच्या संधींवर. भाषणासाठी दुसऱ्या इमारतीत जाताना वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला दिसेल अशी व्यवस्था केलेली होती. निष्पन्न असे झाले की मनात कोणती कथा घोळते आहे यावर मदत अवलंबून नव्हती, तर हाताशी वेळ किती आहे यावर अवलंबून होती: सवड असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, बऱ्यापैकी घाईत असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्के. परोपकारावर बोलायला निघालेल्यांपैकी काही जण तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. हा प्रयोग महाराष्ट्रात करण्याची गरज नाही. काकड आरतीला उशीर झालेला माणूस जिन्यावर झोपलेल्या रखवालदाराला ज्या चपळाईने ओलांडतो, ती पाहिली की पुरे.

तथापि या सर्व विवेचनावरून साधना निरुपयोगी ठरते, असा निष्कर्ष काढणारा वाचक घाई करतो आहे. मराठी संतपरंपरेचे वैशिष्ट्य असे की तिने संतांच्या शांततेइतक्याच त्यांच्या रुसव्याच्या कथाही जपून ठेवल्या आहेत, आणि त्या झाकून ठेवण्याची तिला गरज वाटलेली नाही. लोकांच्या निंदेने व्यथित झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी, म्हणजे कुडाचे दार, लावून आत बसले, आणि परंपरेने मानलेल्या जन्मवर्षांप्रमाणे चार वर्षांनी धाकट्या असलेल्या मुक्ताबाईंनी बाहेरून त्यांची समजूत घातली; 'ताटीचे अभंग' म्हणून प्रसिद्ध असलेली रचना ती हीच. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दार लावून बसलेले गृहस्थ कोणी नवशिके नव्हते, आणि त्यांना समजावणारी व्यक्ती कोणी मठाधिपती नव्हती, तर घरातली सर्वांत लहान मुलगी होती. परंपरेला ज्ञानेश्वर रुसले याचे आश्चर्य वाटत नाही. बहिणीचे ऐकून त्यांनी दार उघडले, याचे तिला मोल वाटते.

तेर येथे गोरोबा कुंभारांकडे जमलेल्या संतमेळ्याची कथा याच अर्थाची आहे. मडके पक्के आहे की कच्चे हे कुंभार ज्याने ठोकून पाहतो ते थापटणे घेऊन गोरोबांनी एकेका संताच्या मस्तकावर टकटक केले. बाकीचे निमूट राहिले आणि नामदेव रागावले, तेव्हा हे मडके कच्चे असल्याचा निर्णय झाला. नामदेवांची भक्ती किंवा त्यांचे ज्ञान तेथे कोणी तपासले नाही. डोक्यावर लाकूड बसल्यावर चेहरा कसा होतो, एवढेच पाहिले. पुढे ते औंढ्या नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांची उणीव भरून निघाली असे कथा सांगते. म्हणजे भावनिक वर्तन हा साधनेच्या परीक्षेतला ऐच्छिक विषय नसून हीच खरी परीक्षा आहे, आणि तिचा निकाल परीक्षार्थीने स्वतः लावायचा नाही, हे तेराव्या-चौदाव्या शतकातील कथेनेच ठरवून टाकले आहे.

एकनाथांच्या शांतीची आख्यायिका तर घरोघर माहीत आहे. नाथांना राग आणून दाखवण्याच्या पैजेवर पैठणला आलेल्या एका ब्राह्मणाने सर्व उपाय थकल्यावर, जेवण वाढण्यासाठी वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवरच उडी मारली. पाहुणा पडेल, जपा, असे नाथांनी सुचवताच, मुलाला पाठीवर घेऊन काम करण्याची सवय असल्याने आपण त्याला पडू देणार नाही, अशा अर्थाचे उत्तर गिरिजाबाईंनी दिले. या कथेवरून कीर्तनकार नाथांची शांती वर्णन करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु शांतीचे माप प्रत्यक्ष वजनात घ्यायचे झाल्यास त्या प्रसंगी पाहुणा नाथांच्या पाठीवर नव्हता. ज्यांच्या घरात स्थितप्रज्ञ असतो, त्यांच्या घरात बहुधा दोन असतात, आणि त्यांपैकी एकाला स्वयंपाकही करावा लागतो. देहूच्या तुकोबांच्या पत्नी जिजाई यांना परंपरेने तापट ठरवले आहे; पण दुष्काळ, दिवाळे आणि मुले यांच्या मध्ये उभे राहून भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी पोचवणाऱ्या बाईच्या त्राग्याची चर्चा करताना, ती भाकरी रोज पोचत होती ही बाबही टिपणात घेतली पाहिजे. शिवाय बायकोचे बोलणे तुकोबांनी स्वतःच्या अभंगांत नोंदवून ठेवले, म्हणजे आपल्याविषयीची घरची तक्रार त्यांनी दडपली नाही, हा संतत्वाचा पुरावा उसाच्या सुप्रसिद्ध आख्यायिकेपेक्षा अधिक भक्कम आहे.

व्यक्तीपुरते जे शहाणपण या कथांत आहे, तेच वारीत समूहाला लागू केलेले दिसते. आळंदीहून पंढरीला निघालेल्या पालखी सोहळ्यात प्रत्येक जण दुसऱ्याला 'माउली' म्हणतो, आणि यामुळे भांडणे होत नाहीत असे नव्हे. टँकरपाशी पाण्यासाठी चाललेल्या रेटारेटीत 'माउली, रांग इकडे आहे' हे वाक्य जितक्या तीव्रतेने उच्चारता येते, ते ऐकणाऱ्यालाच ठाऊक. मात्र या संबोधनाचा एक उपयोग निश्चित आहे: आई या अर्थाच्या शब्दाने सुरू केलेले वाक्य शिवीने संपवणे व्याकरणदृष्ट्या अवघड जाते. याहून महत्त्वाची व्यवस्था संध्याकाळी तळावर होणाऱ्या समाजआरतीत आहे. चोपदार दंड उंच करतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात; परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते, मग चोपदार तिच्यापाशी जाऊन तक्रार ऐकतात आणि तिचा निवाडा होतो. भजनात तल्लीन झालेल्या माणसांना राग येतच नसेल, असे या सोहळ्याने कधी गृहीत धरले नाही. त्यांना राग येईल, तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाद्यावर व ठरलेल्या माणसासमोर मांडता यावा, एवढी सोय त्याने करून ठेवली.

अशी सोय नसलेल्या संस्थांचे काय होते, हे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाहावे. पार्किंगच्या पट्ट्या, गळकी टाकी आणि कुंड्यांतून खाली टपकणारे पाणी यांवर दोन तास एकमेकांच्या तीन पिढ्यांचा उद्धार झाल्यावर अध्यक्ष सर्वांना पसायदानासाठी उभे राहण्याची विनंती करतात. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या त्या प्रार्थनेत दुर्जनांचे वाकडेपण जावे अशी मागणी आहे. ती ओळ आली की पहिल्या मजल्यावरचे सभासद डोळे किंचित उघडून तिसऱ्या मजल्याकडे पाहतात, आणि तिसरा मजला त्याच वेळी पहिल्याकडे पाहत असतो. प्रार्थना मनापासून होते यात शंका नाही. आपला उल्लेख त्या ओळीत असू शकेल, ही शक्यता तेवढी कोणाच्या मनाला शिवत नाही.

मग प्रगती मोजायची कशी, हा प्रश्न उरतो. राग आला की नाही, ही कसोटी फारशी उपयोगाची नाही. ताटी लागलेल्या झोपडीने ती निकालात काढली आहे. बौद्धांच्या अंगुत्तर निकायात माणसांचे तीन प्रकार सांगितले आहेत: एकाचा राग दगडावर कोरलेल्या रेघेसारखा, दुसऱ्याचा मातीवरच्या रेघेसारखा, तिसऱ्याचा पाण्यावरच्या रेघेसारखा. यात रेघ तिघांच्याही बाबतीत उमटते. फरक ती टिकते किती यात आहे. मेंदूविज्ञानाचे अभ्यासक रिचर्ड डेव्हिडसन यांनीही भावनांचा विचार करताना त्यांच्या तीव्रतेबरोबर त्या उसळायला व ओसरायला किती वेळ घेतात हे मोजण्यावर भर दिला, म्हणजे प्रयोगशाळा या बाबतीत त्या जुन्या वर्गीकरणाच्या बरीच जवळ आली. घरगुती मापाने सांगायचे तर सोमवारी झालेल्या वादानंतर पहिले सरळ वाक्य पूर्वी गुरुवारी बोलले जात असेल आणि आता ते त्याच रात्री जेवताना बोलले जात असेल, तर साधना चालू आहे असे मानण्यास हरकत नाही, मग ते वाक्य 'लोणचे सरकव' एवढेच का असेना.

दुसरी कसोटी रागाच्या दिशेची आहे. राग सामान्यतः वरून खाली वाहतो. साहेबांपुढे तो क्वचितच दिसतो आणि वॉचमनपुढे क्वचितच लपतो. साहेबांसमोर शांत राहणाऱ्या माणसाला स्थितप्रज्ञ म्हणण्याची प्रथा नाही, त्याला नोकरदार म्हणतात. ज्याच्यावर चिडले तरी काहीही बिघडणार नाही अशा माणसापुढे, म्हणजे उशिरा आलेल्या रिक्षावाल्यापुढे, हिशेब चुकलेल्या पोऱ्यापुढे किंवा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणाऱ्या वृद्ध वडिलांपुढे जी शांती टिकते, तीच जमेस धरावी. तिसरी कसोटी या दोहोंहून कठीण आहे, आणि ती अशी की साधकाला त्याचा राग दाखवून देण्याची मुभा घरात कोणाला आहे काय. मुक्ताबाईंना ती होती, गोरोबांना ती होती, जिजाईंनी ती न मागता घेतली होती. आणि अशी मुभा जेथे नाही, तेथे शांतता कितीही दिसली तरी ती साधकाची नसून घाबरलेल्या घराची असते.

यास्तव साधना करणाऱ्याने वर्षातून एकदा, शक्यतो गुरुपौर्णिमेच्या सुमारास, घरातल्या सर्वांत लहान माणसाला आपल्यात काही फरक पडला आहे काय असे विचारावे, अशी शिफारस करता येईल. त्या मुलाने उत्तर देण्यापूर्वी आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिले, तर उत्तर मिळाले असे समजावे. आणि त्यावर 'बोल की, मी काय रागावणार आहे का?' असे विचारणाऱ्याने दरडावले, तर तो प्रश्न पुढील वर्षापर्यंत स्थगित ठेवावा.